पाम्पानिटो : एका पाणबुडीत दोन आठवणी

युद्धात वापरलेलं एखादं शस्त्र पुढे जपून ठेवलं जातं, लोक तिकीट काढून ते बघायला येतात, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून उभेही राहतात. एकच वस्तू संग्रहालयही असते आणि स्मारकही. हे नेमकं कसं जमतं, आणि जमतं का, हा आजचा विषय. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे : ‘यूएसएस पाम्पानिटो’ ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पाणबुडी. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फवर, पिअर ४५ या धक्क्याला ती बांधून ठेवलेली आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं बे एरियात राहतात, त्यामुळे काहींनी ती पाहिलीही असेल. पाहिली नसेल तरी हरकत नाही. आज आपण तिच्या आत फिरून येऊ, मग ती १९४४ साली कुठे गेली होती ते बघू, आणि शेवटी स्मारकाच्या प्रश्नाकडे येऊ.

बोट कशी आहे

आधी साधी माहिती. अमेरिकन नौदलात त्या काळी पाणबुड्यांना माशांची नावं द्यायची पद्धत होती, पाम्पानिटो हेही एका माशाचंच नाव. मेन राज्यातल्या किटरी इथे पोर्ट्समथ नौदल गोदी आहे, तिथे ही बांधली गेली. मार्च १९४३ मध्ये काम सुरू झालं, जुलैमध्ये ती पाण्यात उतरली आणि नोव्हेंबरमध्ये नौदलात दाखल झाली. म्हणजे आठ महिन्यांत एक पाणबुडी तयार! तिची जात ‘बलाओ’ वर्गाची. लांबी सुमारे ९५ मीटर, रुंदी जेमतेम सव्वाआठ मीटर. एवढ्या जागेत ८० च्या आसपास माणसं, २४ टॉर्पेडो, चार मोठी डिझेल इंजिनं आणि बॅटरीचे २५२ सेल. एकेक सेल पाऊण टनाचा, बरं का. आपल्या गाडीतली बॅटरी डोळ्यांसमोर आणू नका.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाणबुडी म्हटलं की आपल्याला वाटतं, ती सदैव पाण्याखालीच असते. आजच्या अणुपाणबुड्यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. त्या काळच्या पाणबुड्या मात्र मुळात पाण्यावरून चालणाऱ्या बोटी होत्या, गरज पडली की बुडी मारणाऱ्या. कारण सोपं आहे. डिझेल इंजिनाला हवा लागते, पाण्याखाली हवा कुठून आणणार? म्हणून वर असताना इंजिनं चालवायची, बॅटरी भरून घ्यायची, आणि खाली गेलं की त्या साठवलेल्या विजेवर मोटारी फिरवायच्या. पाम्पानिटोचा वेग पाण्यावर २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास होता. पाण्याखाली तो जास्तीत जास्त पावणेनऊ नॉट, आणि तोही थोडाच वेळ. अगदी दोन नॉटच्या वेगाने, म्हणजे माणूस सावकाश चालतो त्या गतीने गेलं, तर बॅटरी दोन दिवस पुरायची. मग वर यावंच लागे.

विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर आपली ‘आयएनएस कुरसुरा’ ठेवलेली आहे. सहलीला जाणारे अनेक मराठी लोक ती आवर्जून बघतात. ती सोव्हिएत बनावटीची आणि पाम्पानिटोपेक्षा पंचवीसेक वर्षांनी नंतरची, पण डिझेल आणि बॅटरीचं मूळ तत्त्व तेच. फरक असा की कुरसुरा वाळूवर आणून बसवली आहे आणि पाम्पानिटो अजून पाण्यात तरंगते आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, तो लक्षात ठेवा.

आतून फिरताना

आत गेलं की पहिली गोष्ट जाणवते ती दारांची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर पोलादी भिंतीतल्या लंबगोल भोकातून पाय उचलून, मान वाकवून जावं लागतं. दार लहान ठेवायचं कारण म्हणजे एका खोलीत पाणी शिरलं, तर ते झटकन बंद करून बाकीची बोट वाचवता यावी. बंद करताना आत कुणी राहिलं असेल तर? तर ते राहिलं. प्रत्येक खलाशाला हे ठाऊक असे.

पुढच्या टोकाला टॉर्पेडो सोडायच्या सहा नळ्या आहेत. त्याच खोलीत, टॉर्पेडोंच्या वर आणि आजूबाजूला, झोपायच्या फळ्या टांगलेल्या. पुढे अधिकाऱ्यांच्या खोल्या, तिथून मधोमध नियंत्रण कक्ष. तिथली मोठाली चाकं फिरवून बोट खाली-वर न्यायची. त्याच्या डोक्यावर आणखी एक चिंचोळी खोली, तिथे पेरिस्कोप. मग स्वयंपाकघर, जेवणाची टेबलं, खलाशांच्या झोपायच्या जागा, इंजिनांच्या दोन खोल्या, विजेच्या नियंत्रणाची खोली, आणि सगळ्यात शेवटी मागची टॉर्पेडो खोली. तिथे चार नळ्या. ही मागची खोली लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

गस्त दोन-दोन महिने चालायची. जागा इतकी कमी की काही खलाशी पाळीपाळीने एकच फळी वापरत. एक कामावर गेला की दुसरा त्याच ऊबदार गादीवर आडवा. गोडं पाणी मोजकंच, त्यावर पहिला हक्क बॅटरीचा आणि स्वयंपाकाचा, आंघोळ नंतर. वातानुकूलन यंत्रणा होती, पण ती मुख्यतः यंत्रं वाचवायला, कारण दमट हवेमुळे विजेच्या यंत्रांत बिघाड होत. माणसांना गारवा मिळायचा तो ओघाने.

आकड्यांनी पाहणारं यंत्र

आता माझ्या मते या बोटीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूकडे येऊ. पेरिस्कोपच्या त्या चिंचोळ्या खोलीत, कपाटाएवढं एक यंत्र आहे. डायल, काटे, फिरवायचे दांडे. त्याचं नाव ‘टॉर्पेडो डेटा कॉम्प्युटर’. हा कॉम्प्युटर आपल्या ओळखीचा नव्हे. दातेरी चाकं आणि छोट्या मोटारी यांच्या जोरावर तो गणित करतो. आणि विशेष म्हणजे पाम्पानिटोवरचं हे यंत्र दुरुस्त करून पुन्हा चालतं केलेलं आहे.

त्याचं काम काय? समजा, शत्रूचं जहाज दीड किलोमीटरवर आहे आणि १२ नॉटने चाललं आहे. त्या वेळचा ‘मार्क १४’ टॉर्पेडो ४६ नॉटने धावायचा, म्हणजे त्याला तिथपर्यंत पोचायला मिनिटभर लागणार. तेवढ्या वेळात जहाज पावणेचारशे मीटर पुढे गेलेलं असेल. म्हणून जहाज जिथे आहे तिथे नेम धरून उपयोग नाही, ते जिथे असणार आहे तिथे धरायचा. शाळेतलं त्रिकोणमितीचं गणितच, पण तुम्हीही हलताय, तेही हलतंय, आणि वेळ काही सेकंदांचा. हे यंत्र दिशा, अंतर, वेग घेऊन सतत गणित करत राहायचं, आणि टॉर्पेडोने नळीतून बाहेर पडल्यावर किती वळायचं तो कोन थेट टॉर्पेडोच्या आतल्या यंत्राला पोचवायचं.

मंडळी, या यंत्रात काय काय भरता येतं ते बघा. जहाजाचा वेग. दिशा. अंतर. आणखी एक काटा लावता येतो, डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढायला, म्हणजे साधारण ते जहाज केवढं आहे तेही. भरता येत नाही अशी एकच गोष्ट आहे : त्या जहाजात कोण बसलं आहे. आणि १२ सप्टेंबर १९४४ ला नेमका तोच प्रश्न होता.

रेल्वेवरून जहाजात

त्यासाठी थोडं मागे, थायलंड आणि ब्रह्मदेशात जावं लागेल. १९४२-४३ मध्ये जपानी लष्कराने जंगलातून सुमारे ४१५ किलोमीटरची रेल्वे बांधून घेतली. सिंगापूर आणि आसपास पकडलेले ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच युद्धकैदी त्यावर राबले. सुमारे ६० हजार युद्धकैद्यांपैकी १२ हजारांहून अधिक मेले, भूक, पटकी, मलेरिया आणि मार यांनी. त्यांच्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर तिथे नेले होते, ब्रह्मी, जावानीज, मलयी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतले हजारो तमिळ. त्यांच्यातले मृत्यू कैद्यांच्या कित्येक पट होते. कांचनाबुरीच्या दफनभूमीत युद्धकैद्यांच्या जवळपास सात हजार थडग्यांची नीट निगा राखलेली आहे. मजुरांच्या वाट्याला अशा नावानिशी ओळी आल्या नाहीत. हाही स्मारकांच्याच विषयाचा भाग आहे.

रेल्वे पुरी झाली. आता जपानमधल्या खाणींत आणि कारखान्यांत माणसं कमी पडत होती. म्हणून रेल्वेतून वाचलेले, त्यातल्या त्यात धडधाकट कैदी निवडून जहाजांनी जपानला न्यायला सुरुवात झाली. ६ सप्टेंबर १९४४ ला सिंगापूरहून एक तांडा निघाला. त्यात ‘राकुयो मारू’ या जहाजात १,३०० हून अधिक ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैदी होते, आणि ‘काचिडोकी मारू’ मध्ये ९०० ब्रिटिश. तळाच्या माल ठेवायच्या जागेत माणसं कोंबलेली. आत कैदी आहेत हे सांगणारी कुठलीही खूण जहाजांवर बाहेरून नव्हती. काचिडोकी मारूची तर कहाणीच वेगळी. ते मुळात ‘प्रेसिडेंट हॅरिसन’ नावाचं अमेरिकन जहाज, १९४१ च्या डिसेंबरात जपानच्या ताब्यात गेलेलं.

अमेरिकनांना जपानी सांकेतिक संदेश फोडता येत होते. तांडा कुठून कुठे जाणार याचा सुगावा लागला आणि तीन पाणबुड्यांना वाटेत गाठायला पाठवलं गेलं : ‘ग्राउलर’, ‘सीलायन’ आणि ‘पाम्पानिटो’.

१२ सप्टेंबर

१२ तारखेच्या पहाटेआधी ग्राउलरने तांड्याच्या राखणीला असलेली एक युद्धनौका बुडवली. उजाडायच्या सुमारास सीलायनच्या टॉर्पेडोंनी राकुयो मारूचा वेध घेतला. जहाज लगेच बुडालं नाही, जवळपास बारा तास तरंगत राहिलं. जपानी सैनिक आणि खलाशी बहुतेक होड्या घेऊन गेले. कैद्यांनी मिळेल ते लाकूड, फळ्या, तराफे पाण्यात टाकले आणि उड्या मारल्या. नंतर जपानी नौका आल्या, त्यांनी आपली माणसं उचलली आणि कैद्यांना तिथेच सोडलं.

त्याच दिवशी रात्री पाम्पानिटोने तांडा पुन्हा गाठला. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर पॉल समर्स. पुढच्या नळ्यांतून पाच टॉर्पेडो सुटले, बोट गर्रकन वळली आणि मागच्या नळ्यांतून चार. काचिडोकी मारू त्यात बुडाली, तीही थोड्याच वेळात. पाम्पानिटोच्या दृष्टीने ती रात्र यशस्वी होती. नोंदवहीत बुडालेल्या जहाजांची भर पडली. जहाजात ९०० ब्रिटिश कैदी होते हे त्या वेळी बोटीवर कुणालाही माहीत नव्हतं.

१५ सप्टेंबर

तीन दिवसांनी पाम्पानिटो त्याच भागातून चालली होती. दुपारी चारच्या सुमारास पाण्यावर मोडतोड दिसली, तेल दिसलं, आणि एका तराफ्यावर माणसं. जपानीच असणार असं समजून खलाशी बंदुका घेऊन डेकवर आले. तराफ्यावरची माणसं तेलाने नखशिखांत काळी झालेली, ओळखू येईनात. मग त्यांचं ओरडणं कानावर आलं, आणि भाषा इंग्रजी होती.

इथून पुढचे साधारण चार तास नीट समजून घ्या. शत्रूच्या समुद्रात, दिवसाउजेडी, पाणबुडी वर उभी राहणं म्हणजे जिवाशी खेळ. एखादं विमान दिसलं तर काही सेकंदांत बुडी मारायची, आणि त्या क्षणी डेकवर किंवा पाण्यात असेल तो तिथेच राहणार. तरी खलाशी दोऱ्या घेऊन पाण्यात उतरले. तराफे ओढून आणले, माणसांना हाताखाली धरून वर घेतलं, अंगावरचं तेल पुसलं, एकेकाला दारातून खाली उतरवलं. अंधार पडेपर्यंत हे चाललं. समर्स यांनी सीलायनलाही बिनतारी संदेश पाठवून बोलावून घेतलं. पाम्पानिटोने ७३ जणांना वाचवलं, सीलायनने ५४ जणांना. दोन दिवसांनी, वादळ येऊन ठेपलेलं असताना, ‘बार्ब’ आणि ‘क्वीनफिश’ या पाणबुड्यांनी आणखी ३२ जण शोधून काढले. एकूण १५९.

आणि त्या ७३ जणांतल्या बहुतेकांना कुठे ठेवलं? मागच्या टॉर्पेडो खोलीत. टॉर्पेडो सुटून गेल्यामुळे तिथे जागा झाली होती. ज्या खोलीतून तीन रात्रींपूर्वी चार टॉर्पेडो सुटले होते, त्याच खोलीत, टॉर्पेडोंच्या रिकाम्या घोड्यांवर आता ही माणसं झोपली. अशा पाणबुडीवर डॉक्टर नसे. औषधोपचार जाणणारा एकच नौसैनिक, मॉरिस डीमर्स. त्याने अक्षरशः दिवसरात्र त्यांची काळजी घेतली. तिथे एक ब्रिटिश सैनिक दगावला, त्याला समुद्रात मूठमाती मिळाली. बाकीचे २० सप्टेंबरला सायपान बेटावर जिवंत उतरले.

एक तपशील मुद्दाम सांगतो, कारण बऱ्याचदा तो गाळला जातो. पाम्पानिटोने वाचवलेले कैदी राकुयो मारूवरचे होते, आणि राकुयो मारू बुडवली ती सीलायनने. पाम्पानिटोने बुडवलेल्या काचिडोकी मारूवरचे जे वाचले, त्यांना जपानी नौकांनी उचललं आणि ते पुन्हा कैदेतच गेले. म्हणजे पाम्पानिटोच्या खलाशांना आपण वाचवलेल्यांचे चेहरे दिसले, आपल्या टॉर्पेडोंनी पाण्यात फेकलेल्यांचे दिसले नाहीत. दोन्ही जहाजांवरचे मिळून एक हजाराहून अधिक युद्धकैदी या प्रवासात मेले.

या बचावाचा एक परिणाम फार मोठा होता. ब्रह्मदेशच्या रेल्वेवर नेमकं काय चाललं आहे, याची खात्रीलायक, पहिल्या हातची हकिकत बाहेरच्या जगाला या वाचलेल्या माणसांकडून मिळाली. नोव्हेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सरकारांनी आपापल्या संसदेत ती मांडली. दोन-अडीच वर्षं ज्या घरांना आपल्या माणसांची धड खबर नव्हती, त्यांना काही तरी कळलं. बऱ्याच घरांना जे कळलं ते वाईटच होतं, पण कळलं.

एक प्रश्न

व्याख्यानाआधी एक प्रश्न लिहून आला आहे, तो इथेच घेतो. ‘आपल्याच बाजूची माणसं मेली, याचा दोष कप्तानावर येत नाही का?’

माझं उत्तर दोन भागांत. कप्तानाच्या हातात जी माहिती होती, तिच्या आधारे तो वेगळं काही करू शकत नव्हता. कैदी भरलेलं जहाज खूण न करता तांड्यात घालणं, तळघरात कोंबणं आणि बुडताना सोडून जाणं, हे जपानी लष्कराचं काम. तो दोष तिथेच राहतो.

दुसरा भाग मात्र अवघड आहे. ७ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी, अमेरिकेने जपानविरुद्ध अनिर्बंध पाणबुडीयुद्धाचा आदेश दिला. म्हणजे व्यापारी जहाज दिसलं तरी इशारा न देता बुडवायचं. जर्मनी हेच अटलांटिकमध्ये करत होती. युद्धानंतर न्यूरेंबर्गला जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झवर खटला चालला, तेव्हा अमेरिकन ॲडमिरल निमिट्झ यांनी लेखी उत्तर दिलं की पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून असंच लढलो. डोनिट्झला शिक्षा झाली, पण पाणबुडीयुद्धाचे नियम मोडले या कारणावरून ती ठरवलेली नाही, असं न्यायालयाने नोंदवून ठेवलं. जिंकलेल्यांनी आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट कागदावर मान्य केली, असं इतिहासात फार वेळा होत नाही.

या युद्धपद्धतीने जपानचं कंबरडं मोडलं हे खरं आहे. अमेरिकन नौदलातले जेमतेम दोन टक्के लोक पाणबुड्यांवर होते, आणि बुडालेल्या जपानी व्यापारी जहाजांतला निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा. पण त्याची किंमत त्यांनीही दिली. ५२ पाणबुड्या गेल्या, साडेतीन हजारांहून अधिक माणसांसह. त्या तिघींतली ग्राउलर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, सगळ्या खलाशांसह नाहीशी झाली. पाम्पानिटो परतली. सहा गस्ती, सहा जहाजं बुडवल्याची नोंद, आणि डिसेंबर १९४५ मध्ये निवृत्ती. पुढे काही वर्षं राखीव नौसैनिकांच्या प्रशिक्षणासाठी वापर, १९७१ मध्ये नौदलाच्या यादीतून नाव कमी, आणि १९८२ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली. १९८६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. मधल्या काळात तिने एका विनोदी हॉलिवूड चित्रपटात दुसऱ्याच नावाने कामही केलं.

स्मारक कुणाचं?

आता मूळ प्रश्न. अमेरिकन पाणबुड्यांची बहुतेक स्मारकं त्या ५२ बोटींसाठी आहेत. ते योग्यच आहे, त्या माणसांना थडगं नाही. पण पोलादी बोट जपली की तिच्यासोबत तिने केलेलं सगळंच जपलं जातं, तुम्हाला हवं असो वा नसो.

हवाईत पर्ल हार्बरला ‘बोफिन’ ही पाणबुडी अशीच संग्रहालय आणि स्मारक म्हणून ठेवली आहे. २२ ऑगस्ट १९४४ ला, म्हणजे आपल्या घटनेच्या तीनच आठवडे आधी, बोफिनने ‘त्सुशिमा मारू’ नावाचं जहाज बुडवलं. ओकिनावातून सुरक्षित ठिकाणी हलवली जाणारी शाळकरी मुलं त्यात होती. १,४०० हून अधिक माणसं गेली, त्यांतली ७०० हून अधिक विद्यार्थी. तेही जहाज तांड्यातलं, तेही ओळखू न येणारं. २००४ मध्ये ओकिनावातल्या नाहा शहरात त्या मुलांच्या स्मरणार्थ संग्रहालय उघडलं. एका समुद्राच्या दोन बाजूंना दोन संग्रहालयं. एकात पाणबुडी आहे, दुसऱ्यात मुलांची दप्तरं आणि फोटो. घटना एकच.

हे आपल्यापासून फार लांबचं वाटत असेल तर घराजवळ या. कराचीच्या सागरी संग्रहालयात ‘हंगोर’ ही पाणबुडी जपून ठेवली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिने आपली ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. खुकरी पश्चिमी ताफ्यातली, मुंबईची. तिचं स्मारक दीवला आहे. आणि विशाखापट्टणमला जिथे कुरसुरा उभी आहे, त्याच किनाऱ्यापासून जवळच, समुद्राच्या तळाशी पाकिस्तानची ‘गाझी’ पडलेली आहे, नव्वदहून अधिक माणसांसह. ही गाझी म्हणजे मूळची अमेरिकन पाणबुडी ‘डायब्लो’. पाम्पानिटोच्या पुढच्याच पिढीची, जवळजवळ तशीच दिसणारी. पाम्पानिटोतून फिरताना तुम्ही गाझीच्याही बऱ्याचशा खोल्या पाहत असता. कराचीत हंगोर पाहणाऱ्या मुलाला काय सांगितलं जावं असं आपल्याला वाटतं? जे उत्तर तिथे हवंसं वाटेल, तेच इथेही लागू करायला हवं.

जपायचं कसं

आता तरंगण्याचा मुद्दा. खाऱ्या पाण्यात पोलाद सतत खात जातं. बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. ते आधी झिजतात, म्हणून पोलाद टिकतं. ठोकळे संपले की नवे लावायचे. काही वर्षांनी बोट गोदीत नेऊन तळ खरवडायचा, पत्रे तपासायचे, रंग द्यायचा. हे सगळं फार खर्चाचं. बोट किनाऱ्यावर ठेवली तर हे टळतं, पण ती इमारत होते. पाण्यात असली की ती अजून थोडी जहाज असते, पायाखाली हलते. पाम्पानिटोवर स्वयंसेवक वर्षानुवर्षं यंत्रं दुरुस्त करत आले आहेत. टॉर्पेडोचं गणित करणारं ते यंत्र त्यामुळेच आज चालतं.

आणि मला वाटतं, स्मारक म्हणून तिची ताकद तिथेच आहे. शिळेवर कोरलेली नावं वाचून आपण हात जोडतो आणि निघतो. इथे तुम्हाला ते यंत्र फिरताना दिसतं, ते किती हुशार आहे हे कळतं, आणि त्याला काय दिसत नाही हेही कळतं. मग तुम्ही वाकून, पाय उचलून, मागच्या टॉर्पेडो खोलीपर्यंत जाता. खोली लहान आहे. एका भिंतीला चार नळ्यांची पितळी झाकणं, आणि दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या. मारणं आणि वाचवणं, दोन्ही याच जागेत, चार दिवसांच्या आत झालं. यातली एकच गोष्ट सांगणारा फलक लावला तर तो खोटा ठरेल असं नाही, पण अर्धा ठरेल.

म्हणून तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोला गेलात, किंवा विशाखापट्टणमला, तर मुलांना जरूर आत न्या. त्यांना इंजिनं आवडतील, पेरिस्कोप आवडेल, आवडू द्या. फक्त बाहेर पडायच्या आधी एक प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा : या नळ्यांसमोर, पलीकडच्या जहाजात, कोण होतं? पाम्पानिटोच्या बाबतीत त्याचं उत्तर आपल्याला मिळालं, कारण ७२ माणसं ते सांगायला जिवंत राहिली. बहुतेक पाणबुड्यांच्या बाबतीत सांगायला कुणी उरलेलं नसतं. तिथे तो प्रश्न आपणच विचारायचा.